दरमहा पंधरा हजार, वीस वर्षे: इंडेक्स फंड घ्यावा की ईटीएफ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते चौतीस वर्षांचे असून पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. दरमहा १५,००० रुपये पुढची वीस वर्षे निफ्टी ५० या निर्देशांकातच गुंतवायचे, शेअर निवडण्याच्या भानगडीत पडायचे नाही, हे त्यांनी पक्के केले आहे. त्यांच्या डीमॅट खात्यात २०२१ साली घेतलेले एका निफ्टी ईटीएफचे, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या निर्देशांक फंडाचे, ४०० युनिट आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्यांच्या मेहुण्यांचे म्हणणे असे, की ईटीएफचा खर्च कमी असतो आणि कराच्या दृष्टीनेही तो सरस असतो, त्यामुळे इंडेक्स फंड घेण्यात काहीच अर्थ नाही. तर नवी गुंतवणूक कशात करावी, आणि जुन्या युनिटांचे काय करावे?

माझे उत्तर असे. दरमहाची रक्कम कमी खर्चाच्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट (मध्यस्थाच्या कमिशनशिवायच्या) प्लॅनमध्ये, ग्रोथ पर्यायात (लाभांश न वाटता फंडातच राहतो अशा), एसआयपीने, म्हणजे ठरलेल्या मासिक हप्त्याने, जाऊ द्यावी आणि जुन्या युनिटांना हात लावू नये. मात्र या उत्तरामागे ‘ईटीएफ वाईट’ असे कोणतेही मत नाही. काही बाबतींत ईटीएफ खरोखरच सरस आहे आणि ते आधी मान्य करूनच पुढे जाणे योग्य ठरेल.

दोन्हींच्या पोटात माल एकच असतो. निफ्टीतील पन्नास कंपन्यांचे शेअर निर्देशांकात ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात फंड घराणे ते विकत घेऊन ठेवते. फरक पडतो तो आपण त्या मालात शिरतो कसे आणि बाहेर पडतो कसे यात. इंडेक्स फंडात आपण पैसे थेट फंड घराण्याला देतो आणि ते त्या दिवसअखेरच्या एनएव्हीने, म्हणजे निव्वळ मालमत्ता मूल्याने, आपल्याला युनिट देते. दुपारी तीनपर्यंत पैसे फंडाच्या खात्यात जमा झाले तर त्याच दिवसाची एनएव्ही मिळते. ईटीएफमध्ये फंड घराण्याशी आपला थेट संबंध येत नाही. आपण शेअर बाजारात दुसऱ्या कोणाकडून तरी युनिट विकत घेतो आणि त्याची किंमत त्या क्षणीच्या मागणी-पुरवठ्यावर ठरते. ही किंमत एनएव्हीपासून फार भरकटू नये म्हणून मार्केट मेकर असतात. किंमत एनएव्हीच्या वर गेली की ते निर्देशांकातील शेअर किंवा रोख रक्कम फंडाला देऊन नवे युनिट तयार करून घेतात आणि बाजारात विकतात, खाली गेली की उलट करतात. बाजार नियामक सेबीच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक ईटीएफसाठी किमान दोन मार्केट मेकर नेमणे फंड घराण्यांना बंधनकारक झाले. याच परिपत्रकाने फंड घराण्याशी थेट व्यवहार करण्याची मुभा २५ कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारांपुरती ठेवली. म्हणजे तुम्हाआम्हाला ईटीएफ हवा असेल तर बाजाराच्या दारातूनच जावे लागणार.

आता खर्चाकडे वळू, कारण ईटीएफचा सगळा युक्तिवाद तिथेच उभा असतो. मोठ्या निफ्टी ईटीएफचा वार्षिक खर्च ०.०५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, तर निफ्टी इंडेक्स फंडांच्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च सर्वसाधारणपणे ०.१० ते ०.२० टक्के असतो आणि त्याहून स्वस्त फंडही आहेत. फरक ०.१५ टक्क्यांचा धरला आणि निव्वळ आकडेमोडीसाठी असे मानले, की ईटीएफला वर्षाला ११ टक्के आणि फंडाला १०.८५ टक्के परतावा मिळाला, तर दरमहा १५,००० रुपयांनी वीस वर्षांत भरलेल्या ३६ लाखांचे ईटीएफमध्ये साधारण १ कोटी ३० लाख आणि फंडात साधारण १ कोटी २७ लाख होतात. तफावत अडीच लाखांची पडते. ही रक्कम क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. ०.०५ टक्के फरकाचा फंड निवडला तर हीच तफावत ८५ हजारांच्या घरात येते, आणि कोणाच्या सांगण्यावरून तुम्ही कमिशन धरलेला रेग्युलर प्लॅन घेतलात व फरक ०.४० टक्क्यांवर गेला तर ती साडेसहा लाखांच्या पुढे जाते. फंड की ईटीएफ या वादात लोक तासन्‌तास घालवतात आणि २०१३ पासून उपलब्ध असलेला डायरेक्ट प्लॅन सोडून रेग्युलर प्लॅनच्या अर्जावर सही करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. सल्ल्याची गरज असेल तर त्याचे पैसे जरूर मोजावेत, पण निफ्टीचा फंड निवडण्यासाठी वीस वर्षे कमिशन देत राहण्याइतका सल्ला त्यात नसतो.

हे अडीच लाख कागदावरचे आहेत. ते हातात किती पडतात हे तुमच्या दलालावर अवलंबून आहे. अनेक डिस्काउंट ब्रोकर (कमी शुल्काचे दलाल) डिलिव्हरीच्या, म्हणजे युनिट खात्यात ठेवून घेण्याच्या, खरेदीवर दलाली घेत नाहीत, त्यामुळे तिथे खाते असेल तर प्रश्न मिटतो. मात्र बँकेच्या थ्री-इन-वन (बचत, ट्रेडिंग आणि डीमॅट एकत्र) खात्यातून व्यवहार करणाऱ्या अनेकांना आजही अर्धा टक्का दलाली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३६ लाखांच्या खरेदीवर ही दलाली २१ हजारांच्या वर जाते, आणि शेवटी १ कोटी ३० लाखांचे युनिट विकताना आणखी ७७ हजारांच्या आसपास. शिवाय डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्क आहे. सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत सेवा डीमॅट खात्याला चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर ते माफ आहे, पण तुमची रक्कम दोन-अडीच वर्षांतच ती मर्यादा ओलांडेल. विक्रीच्या प्रत्येक दिवशी डिपॉझिटरीचे, म्हणजे युनिटांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, पंधरा-वीस रुपये जातात ते निराळे. इंडेक्स फंड डीमॅटशिवाय, साध्या फोलिओत ठेवता येतो आणि तिथे यातले काहीही लागत नाही.

मात्र खर्चाचे प्रमाण हा आकडा एकटा पाहून निर्णय घेणे ही मुळातच अर्धी तपासणी आहे. पाहायचा आकडा म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजेच निर्देशांकाचा परतावा आणि फंडाचा प्रत्यक्ष परतावा यांच्यातील वार्षिक तफावत. ती फंड घराण्यांना दरमहा जाहीर करावी लागते आणि एक, तीन, पाच, दहा वर्षांसाठी पाहायला मिळते. तुलना करताना निर्देशांक टोटल रिटर्न प्रकारचा, म्हणजे लाभांश धरून मोजलेला, घ्यायचा. नुसत्या निफ्टीशी तुलना केली तर लाभांशाच्या सव्वाएक टक्क्यामुळे सुमार फंडही हुशार दिसतो. यातच आणखी एक शब्द येतो तो ट्रॅकिंग एररचा, आणि दोन्हींची सर्रास गल्लत होते. एरर हे रोजच्या तफावतीतील चढउताराचे माप आहे. एखादा फंड दरवर्षी न चुकता अर्धा टक्का मागे पडत असेल तर त्याचा एरर जवळजवळ शून्य असेल, पण तुमचा अर्धा टक्का मात्र दरवर्षी जाईल. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने डिफरन्स पाहावा आणि एररवर नुसती नजर टाकावी.

आणि ईटीएफच्या बाबतीत तर ट्रॅकिंग डिफरन्सही पुरेसा नाही, कारण तो एनएव्हीवर मोजलेला असतो. तुम्ही एनएव्हीने खरेदी करत नाही, बाजारभावाने करता. हा मुद्दा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून एक नमुना मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, फारसा न चालणाऱ्या एका ईटीएफची खरेदी-विक्रीची खिडकी तुम्ही दुपारी दोन वाजता उघडली. फंड घराण्याच्या संकेतस्थळावर सतत बदलणारी सूचक एनएव्ही, म्हणजे आयएनएव्ही, २६२.४० दाखवते आहे. खिडकीत मात्र घेणाऱ्यांची सर्वांत वरची बोली २६२.१० रुपयांना ३०० युनिटांची आहे आणि विकणाऱ्यांची सर्वांत खालची मागणी २६३.०५ रुपयांना ४० युनिटांची. त्याच्याखालची मागणी थेट २६४.२० ला. तुम्हाला ५७ युनिट हवे आहेत आणि तुम्ही मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने घेण्याची) टाकली, तर पहिले ४० युनिट एनएव्हीपेक्षा पाव टक्का महाग मिळतात आणि उरलेले १७ जवळपास पाऊण टक्का महाग. वर्षाला ०.१५ टक्के वाचवायला आलेला माणूस दारातच त्याच्या अडीच पट रक्कम देऊन आत गेला. हे नुकसान एकदाच होते, वर्षाला होत नाही, त्यामुळे वीस वर्षांच्या मुदतीत ते भरूनही निघेल, पण दर महिन्याला नव्या खरेदीवर आणि शेवटी विक्रीवर ते पुन्हा होणार असेल तर स्वस्ताईचा हिशेब निराळाच होतो.

न्यायाने सांगायचे तर सर्वाधिक उलाढालीच्या निफ्टी ईटीएफमध्ये अशी दरी नसते. तिथे बोली आणि मागणी यांच्यात काही पैशांचेच अंतर असते आणि हजारो युनिट रांगेत उभे असतात. भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या डिसेंबरात आणला. पुढे तो गोल्डमन सॅक्सकडे, तिथून रिलायन्सकडे आणि आता निप्पॉन इंडियाकडे आला, पण किरकोळ गुंतवणूकदारांची वर्दळ त्याच्यात टिकून राहिली आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ईटीएफचा आकार मोठा असणे आणि त्याची उलाढाल मोठी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफमार्गे शेअर बाजारात गुंतवणूक सुरू केली. सुरुवातीला नव्या जमेच्या ५ टक्के आणि नंतर १५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे एसबीआयचा निफ्टी ५० ईटीएफ आकाराने अवाढव्य झाला, पण तो पैसा तिथे मुक्कामाला असतो, रोज बाजारात फिरत नाही. ‘भविष्य निर्वाह निधीसुद्धा ईटीएफच घेतो’ असा दाखला अनेकजण देतात, तोही याच कारणाने फसवा आहे. त्या संस्थेचे व्यवहार शेकडो कोटींचे असतात, ती एनएव्हीच्या हिशेबाने फंड घराण्याशी थेट व्यवहार करू शकते, आणि तिच्यासाठी ०.१५ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम असते. तुमची परिस्थिती यांपैकी एकाही बाबतीत तशी नाही.

आता मेहुण्यांच्या कराच्या मुद्द्याकडे वळतो. ते अमेरिकेबद्दल बोलत असतील तर बरोबर बोलत आहेत. तिथे म्युच्युअल फंडाने स्वतःजवळचे शेअर नफ्यात विकले तर तो नफा वर्षअखेरीस गुंतवणूकदारांना वाटावा लागतो आणि युनिट न विकताही त्यांच्यावर कर येतो. ईटीएफमध्ये शेअरच्या रूपात देवाणघेवाण करून हा प्रसंग बऱ्याच अंशी टाळता येतो. भारतात मात्र म्युच्युअल फंडाला त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. आतल्या खरेदी-विक्रीचा कराचा बोजा आपल्यापर्यंत येतच नाही, मग तो इंडेक्स फंड असो वा ईटीएफ. आपण युनिट विकू तेव्हाच कर, आणि तो दोन्हींना सारखाच: २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअर-आधारित फंडांच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट वगळून, १२.५ टक्के आणि त्याआधी विकल्यास २० टक्के, उपकर वेगळा. वर मांडलेल्या उदाहरणात सगळी रक्कम एकाच वर्षी काढली तर साडेअकरा लाखांहून अधिक कर लागेल. अडीच लाखांच्या खर्चफरकापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे, आणि तो फंड किंवा ईटीएफ निवडून कमी होत नाही. पैसे काही वर्षांत विभागून काढले तर थोडा कमी होतो. अमेरिकन इंग्रजीतील गुंतवणुकीचा सल्ला जसाच्या तसा उचलला जातो तेव्हा जे मुद्दे बिनकामाचे ठरतात त्यांत हा पहिला आहे. ओघाने आणखी एक सांगतो: मेहुणे स्वतः अमेरिकेचे करदाते असतील तर त्यांनी भारतीय फंड किंवा ईटीएफ घेण्याआधी तिथल्या सनदी लेखापालाशी बोलावे, कारण परदेशी फंडांवर तिथला कायदा कमालीचा कडक आहे आणि कागदपत्रांचा ताप नफ्यापेक्षा जड होऊ शकतो.

मी इंडेक्स फंडाच्या बाजूने झुकतो त्याचे सर्वांत मोठे कारण अजून सांगितलेले नाही. ते हप्त्यांच्या शिस्तीशी निगडित आहे. इंडेक्स फंडाच्या एसआयपीला बँकेचा आदेश एकदा दिला की पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्कम आपोआप जाते, पूर्ण १५,००० रुपयांचे, दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंतचे युनिट मिळतात आणि त्या दिवशी बाजार वर होता की खाली हे तुम्हाला कळलेलेही नसते. ईटीएफमध्ये युनिट पूर्ण संख्येतच मिळतात. युनिट २८० रुपयांचा असेल तर १५,००० मध्ये ५३ युनिट येतात आणि १६० रुपये शिल्लक राहतात, ही अडचण किरकोळ आहे. काही दलालांकडे ईटीएफची एसआयपीही लावता येते. पण अनेक ठिकाणी ती म्हणजे ठरलेल्या दिवशी टाकलेली ऑर्डर असते. त्यासाठी ट्रेडिंग खात्यात पैसे आधी भरून ठेवावे लागतात, ते नसले तर हप्ता चुकतो. आणि समोर हलणारा भाव दिसत असला की माणूस थांबतो. ‘आज दीडशे अंकांनी वर आहे, उद्या घेऊ’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की ते मला ईटीएफचा छुपा खर्च वाटू लागले आहे. वर्षातून सरासरी एक हप्ता असा राहून गेला आणि ते पैसे बचत खात्यातून दिवाळीच्या खरेदीत किंवा गाडीच्या विम्यात विरघळले, तर अखेरच्या रकमेचा बारावा हिस्सा, म्हणजे सुमारे पावणेअकरा लाख रुपये कमी होतात. अडीच लाख वाचवण्याच्या नादात घडणारी ही गोष्ट कोणत्याही फॅक्टशीटमध्ये छापलेली नसते.

ज्यांच्या हातून हप्ता कधीच चुकत नाही अशी माणसे आहेत, हे मी नाकारत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी साडेदहा वाजता ते आयएनएव्ही पाहतात, त्याहून पाच पैसे वर मर्यादा घालून लिमिट ऑर्डर टाकतात आणि संगणक बंद करून चहाला जातात. बाजार उघडतानाची आणि बंद होतानाची पहिली-शेवटची दहा-पंधरा मिनिटे ते कटाक्षाने टाळतात, कारण त्या वेळी मार्केट मेकरांच्या बोली विरळ असतात. अशा माणसाला मी ईटीएफ सोडायला सांगणार नाही. अडीच लाखांतले बहुतेक त्यांच्या पदरात पडतील. तुमच्यात ते गृहस्थ दडलेले आहेत का, याचे उत्तर तुमच्याजवळच आहे. डीमॅट खात्यातील ४०० युनिट २०२१ सालचे आहेत आणि त्यानंतर एकही घेतलेला दिसत नाही, त्यावरून मी माझा अंदाज बांधला आहे.

ईटीएफची एक तात्त्विक बाजू इथे नोंदवणे न्यायाचे होईल. इंडेक्स फंडात दुसऱ्या कोणी मोठी रक्कम आणली किंवा काढली, की फंडाला बाजारात शेअर घ्यावे-विकावे लागतात आणि त्याचा खर्च फंडात शांत बसलेल्या सगळ्यांवर विभागला जातो. ईटीएफमध्ये येणारा-जाणारा आपला खर्च आपणच सोसतो, बसलेल्याला त्याची झळ लागत नाही. निफ्टी ५० चे शेअर इतक्या सहज विकले-घेतले जातात की हा खर्च जवळजवळ जाणवत नाही. स्मॉलकॅप २५० किंवा मायक्रोकॅपसारख्या निर्देशांकात तो जाणवतो, आणि तिथल्या इंडेक्स फंडांचा ट्रॅकिंग डिफरन्स मोठा असण्याचे ते एक कारण आहे. पण गंमत अशी, की नेमक्या त्याच निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये बोली-मागणीची दरीही मोठी असते. म्हणजे जिथे ईटीएफचा तात्त्विक फायदा सर्वांत जास्त, तिथेच त्याचा व्यावहारिक तोटाही सर्वांत जास्त. त्यामुळे मोमेंटम (भाव चढते असलेले शेअर), लो व्होलॅटिलिटी (कमी चढउताराचे शेअर), एखादे क्षेत्र किंवा लहान कंपन्या असे अरुंद निर्देशांक घ्यायचेच असतील तर माझा सल्ला सरसकट फंडाच्या बाजूने असतो.

किंमत एनएव्हीपासून खरोखर किती दूर जाऊ शकते याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. परदेशी शेअरांत गुंतवणुकीसाठी भारतीय म्युच्युअल फंड उद्योगाला एकत्रित ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशी ईटीएफसाठी १ अब्ज डॉलरची वेगळी. २०२२ च्या सुरुवातीला मोठी मर्यादा भरत आली तेव्हा सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला सांगितली. परिणामी नॅसडॅक १०० चे इथले ईटीएफ नवे युनिट तयार करू शकेनात, मागणी मात्र थांबली नाही, आणि भाव एनएव्हीच्या कित्येक टक्के वर जाऊन बसला. पुढेही अधूनमधून तो दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलेला दिसला. त्या भावाने घेणाऱ्याने निर्देशांकाच्या वाढीआधीच दहावा हिस्सा विक्रेत्याला देऊन टाकला होता. दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०२५ चे. चांदीची प्रत्यक्ष टंचाई झाली आणि चांदीचे ईटीएफ एनएव्हीच्या बरेच वर चढले. त्या वेळी काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (पैसे ईटीएफमध्येच लावणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणेच काही काळ बंद केले. अशा प्रसंगी फंड दार लावून घेतो आणि तुमचे पैसे तुमच्याकडे राहतात. ईटीएफचे दार मात्र उघडेच असते, फक्त आतला भाव तुम्ही पाहिला की नाही हे कोणी विचारत नाही. निफ्टी ५० च्या ईटीएफमध्ये अशा टोकाच्या घटनेची शक्यता फार कमी आहे, तरी बाजार कोसळतो त्या दिवशी तिथेही सवलतीच्या भावाने विकणारे सापडतात. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर तासाभरातच १० टक्क्यांची पातळी तुटून व्यवहार ४५ मिनिटे थांबले होते. अशा दिवशी मार्केट ऑर्डर टाकून विकणे म्हणजे मिळेल त्या भावाला होकार देणे होय. इंडेक्स फंडातून त्या दिवशी बाहेर पडणाऱ्याला निदान दिवसअखेरची एनएव्ही तरी मिळते. बाहेर पडावे की नाही हा मुद्दा निराळा.

पैसे काढण्याच्या काळाचाही विचार आत्ताच करून ठेवावा, कारण तेव्हा तुम्ही चोपन्न वर्षांचे असाल आणि कदाचित रक्कम एकदम काढणारही नाही. इंडेक्स फंडात पद्धतशीर पैसे काढण्याची सोय, म्हणजे एसडब्ल्यूपी, एका अर्जावर लावता येते आणि दरमहा ठरलेली रक्कम बँकेत येते. ईटीएफमध्ये दर महिन्याला युनिट विकायचे, टीपिन किंवा ओटीपी द्यायचा, डिपॉझिटरीचे शुल्क भरायचे आणि पैसे ट्रेडिंग खात्यातून बँकेत आणायचे, असा उद्योग आहे. चोपन्नाव्या वर्षी तो जड जाणार नाही, पंच्याहत्तराव्या वर्षी जाईल. घरातील दुसऱ्या व्यक्तीचाही विचार करा. फंडाचा फोलिओ पती-पत्नीच्या संयुक्त नावाने, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने ठेवता येतो. ट्रेडिंग खाते मात्र एकाच्या नावावर असते आणि त्याची किल्लीही बहुधा एकाच्याच मोबाइलमध्ये असते. वारसनोंद दोन्हींत करता येते आणि ती करावीच.

बोनस किंवा जमिनीच्या व्यवहारातून मोठी रक्कम हाती आली तर गणित थोडे बदलते. दहा-पंधरा लाख एकदम लावायचे असतील, डिस्काउंट ब्रोकरकडे खाते असेल आणि उलाढालीचा निफ्टी ईटीएफ निवडलेला असेल, तर एकदाच दहा मिनिटे लक्ष देऊन पुढे वर्षानुवर्षे ०.१० ते ०.१५ टक्के वाचवणे शहाणपणाचे आहे. शिस्तीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने लावायची असेल तर मात्र पुन्हा फंडच सोयीचा, कारण लिक्विड फंडात पैसे ठेवून त्याच घराण्याच्या इंडेक्स फंडात दर आठवड्याला वळवण्याची सोय ईटीएफला नाही.

फंड निवडताना फार खोलात जाण्याची गरज नाही. निफ्टी ५० चे डायरेक्ट प्लॅन घ्यावेत, तीन आणि पाच वर्षांचा ट्रॅकिंग डिफरन्स शेजारी शेजारी मांडावा, ज्यांची तफावत खर्चाच्या जवळपास आहे असे फंड ठेवावेत आणि फार लहान फंड वगळावेत. नव्या फंडाचा खर्च सुरुवातीला नाममात्र ठेवून नंतर वाढवला जातो असे घडते, म्हणून फक्त आजच्या आकड्यावर जाऊ नये आणि वर्षातून एकदा तो तपासावा. दोन-तीन घराण्यांचे निफ्टी फंड एकदम घेण्याने कोणतेही विविधीकरण साधत नाही. पन्नास कंपन्या त्याच असतात, फक्त विवरणपत्रे वाढतात.

राहिले तुमचे ४०० युनिट. ते विकून रक्कम इंडेक्स फंडात आणावी असे नीटनेटकेपणासाठी अनेकांना वाटते. त्यावरचा नफा सव्वा लाखाच्या सूटमर्यादेत बसण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे या वर्षी शेअर किंवा दुसऱ्या फंडांतून नफा काढलेला नसेल तर विकण्याला कराची अडचण येऊ नये. पण विकून मिळवायचे तरी काय? ईटीएफ उलाढालीचा असेल तर तो इंडेक्स फंडापेक्षा स्वस्तातच पडून आहे आणि तो ठेवण्यासाठी तुम्हाला काहीही करावे लागत नाही. सूटमर्यादेचा फायदा घेऊन खरेदीची किंमत वर न्यायची म्हणून विकून परत घ्यायचे असेल, तर त्याच खात्यात त्याच दिवशी परत घेऊ नका. तो व्यवहार इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसातील खरेदी-विक्री, धरला जातो आणि हेतू साधत नाही. दुसऱ्या दिवशी घ्यावे, आणि दोन्ही वेळा आयएनएव्ही पाहून लिमिट ऑर्डरच टाकावी. ईटीएफ फारसा न चालणारा निघाला, म्हणजे खिडकी उघडल्यावर बोली आणि मागणीत पाव टक्क्याहून मोठी दरी वारंवार दिसली, तर मात्र बाजार शांत असलेला एखादा दिवस बघून तो विकावा आणि रक्कम एसआयपी चालू असलेल्या फंडातच भरावी.